शरद ऋतूत नांदूर मध्यमेश्वर : नवोदित पक्षीनिरीक्षकांसाठी मार्गदर्शक

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात एक दगडी बंधारा बांधण्यात आला. या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाण्याचे पट्टे, गाळाची बेटे आणि पाणवनस्पतींची दाट झाडी तयार झाली, आणि मुळात सिंचनासाठी अडवलेले हे पाणी पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान बनले. १९८६ मध्ये येथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, म्हणजे रामसर यादीत, समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ आहे आणि त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. लोणार आणि ठाणे खाडी त्यानंतर या यादीत आले.

येथे प्रथमच येणाऱ्यांची निराशा बहुधा एकाच कारणाने होते. बदकांचे हजारोंचे थवे असलेली छायाचित्रे पाहून ते ऑक्टोबरमध्ये येतात, पक्षी पाहण्यासाठी उभारलेल्या मनोऱ्यावर चढतात, समोर भरलेले पाणी आणि दूरवर तपकिरी ठिपके पाहतात आणि ‘अजून पक्षी आलेले नाहीत’ असे म्हणून परततात. पक्षी आलेले असतात. मात्र ते कुठे असतील हे पाण्याच्या खोलीवर ठरते, आणि या ऋतूत त्यांचा पिसारा पुस्तकातील चित्रांशी जुळत नाही. या दोन गोष्टी आधी माहीत असतील तर शरदातील फेरी हिवाळ्यातील फेरीपेक्षाही अधिक शिकवणारी ठरू शकते.

१. महिना निवडा

सप्टेंबरच्या अखेरपासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंतचा काळ येथे एकसारखा नसतो. चिखलात चरणारे छोटे पक्षी, म्हणजे तुतवार, टिलवे आणि त्यांचे नातेवाईक, पावसाळा संपण्यापूर्वीच येऊ लागतात. बदकांमध्ये भुवई बदक सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांपैकी एक आहे. थापट्या, तलवार बदक, गडवाल, तरंग आणि चक्रांग यांची संख्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून वाढत जाते. नारिंगी-तपकिरी चक्रवाकांच्या जोड्याही याच सुमारास काठावर दिसू लागतात. क्रौंच आणि करकरा या मोठ्या, लांब पायांच्या पक्ष्यांसाठी मात्र थंडी स्थिरावण्याची वाट पाहावी लागते. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे येणे अनियमित असते आणि पाणी बरेच उतरल्याशिवाय त्यांची अपेक्षा धरू नये. केवळ रोहित पाहण्यासाठी ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर बेत पुढे ढकलणे श्रेयस्कर.

पहिल्या फेरीसाठी मी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन. तोपर्यंत बदकांच्या बहुतेक जाती आलेल्या असतात आणि ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो. शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून तो आखलेला आहे, आणि त्या काळात अनुभवी निरीक्षकांबरोबर फिरण्याची संधी मिळण्याची शक्यता अधिक असते. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस आणि रविवार टाळता आले तर अवश्य टाळावेत.

२. पोहोचण्याची आणि प्रवेशाची व्यवस्था

अभयारण्य नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर आणि निफाडपासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना नाशिकरोड हे सोयीचे स्थानक आहे. निफाडलाही स्थानक आहे, परंतु सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. निफाडपर्यंत एसटी मिळते. तथापि पहाटे पाण्याकाठी पोहोचायचे असल्याने आदल्या रात्री नाशिक किंवा निफाड येथे मुक्काम करून स्वतःच्या किंवा भाड्याच्या वाहनाने निघणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. या पट्ट्यातील रस्त्यांवर अंधारात दिवे नसलेले कांद्याचे आणि उसाचे ट्रॅक्टर भेटतात, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघावे.

चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव आणि कोठुरे ही पाण्याभोवतालची गावे लक्षात ठेवावीत. नकाशात केवळ ‘नांदूर मध्यमेश्वर’ असे टाकल्यास तुम्ही त्याच नावाच्या गावात किंवा बंधाऱ्याजवळ पोहोचाल, आणि ज्या मनोऱ्यावर जायचे आहे तो नदीच्या दुसऱ्या काठावर असू शकेल. नवख्यांनी चापडगावपासून सुरुवात करावी.

बरोबर ठेवायची कागदपत्रे मोजकीच आहेत :

- प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र असलेले ओळखपत्र;
- वाहनाची कागदपत्रे;
- विश्रामगृहाचे आरक्षण केले असल्यास त्याची छापील प्रत;
- प्रवेश, वाहन आणि कॅमेरा यांच्या शुल्कासाठी सुटे पैसे.

शुल्काचे दर आणि प्रवेशाच्या वेळा बदलत असल्याने त्या नाशिकच्या वन्यजीव विभागाकडून निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. शुल्काची पावती दिवसभर जवळ ठेवावी, कारण एका मनोऱ्यावरून दुसऱ्याकडे जाताना ती पुन्हा मागितली जाऊ शकते.

स्थानिक मार्गदर्शक घ्यावा की नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. पहिल्या फेरीत अवश्य घ्यावा. जवळपासच्या गावांतील प्रशिक्षित तरुण हे काम करतात. आदल्या दिवशी पाणी किती वाढले आणि कोणता थवा कोणत्या बेटावर बसला ही ताजी माहिती त्यांच्याकडे असते, आणि ती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. त्यांना सुरुवातीलाच ‘फोटोपेक्षा ओळख पटवण्यात मला अधिक रस आहे’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते त्यानुसार वेग आणि जागा ठरवतात.

३. साधने

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×४२ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुकानदार अधिक पटींची दुर्बीण पुढे करतात, पण नवख्याने ८×४२ घ्यावी. तिच्यात दृश्याचा आवाका मोठा असतो, हाताची थरथर कमी जाणवते आणि पहाटेच्या अपुऱ्या उजेडातही चित्र उजळ दिसते. दूरच्या बदकांसाठी तिवईवर लावायचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची छोटी दूरदर्शक नळी, उपयोगी पडतो, मात्र तो लगेच विकत घेण्याचे कारण नाही. मार्गदर्शकाकडे तो असेल का, हे आधी विचारावे.

याशिवाय फिकट तपकिरी किंवा हिरवट कपडे, टोपी, चिखल लागला तरी चालतील असे बूट, पाणी, छोटी वही आणि पेन्सिल, महाराष्ट्रातील पक्ष्यांचे एखादे सचित्र मार्गदर्शक पुस्तक आणि दुर्बीण पुसण्याचे मऊ कापड जवळ असावे. नोव्हेंबरमध्ये स्वेटर विसरू नये. थंडीच्या दिवसांत राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव वारंवार येते ते उगाच नव्हे.

४. दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना जुळवा

हे काम घरीच करावे, कारण बहुतेक नवखे हे करतच नाहीत आणि मग दिवसभर डोके दुखल्याची तक्रार करतात. प्रथम दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसेपर्यंत त्यांच्यातील अंतर ठरवा. चष्मा वापरत असाल तर डोळ्यांकडील रबरी कडा आत फिरवून बसवा, नसाल तर बाहेर काढा. आता सुमारे ३० मीटरवरील एखादी स्पष्ट कडा असलेली वस्तू, उदाहरणार्थ विजेच्या खांबावरील क्रमांकाची पाटी, निवडा. उजवे पुढचे भिंग तळव्याने झाका आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला आकडे स्वच्छ दिसतील असे करा. नंतर डावे भिंग झाका आणि मधल्या चाकाला अजिबात हात न लावता उजव्या डोळ्याजवळचे छोटे कडे फिरवून तेच आकडे स्वच्छ करा. काही दुर्बिणींत हे कडे मधल्या चाकाजवळ असते. त्यावर जी खूण येईल ती पेन्सिलीने वहीत नोंदवा. यापुढे केवळ मधले चाक फिरवायचे.

दुसरी सवय म्हणजे नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणणे. खाली पाहून दुर्बीण उचलणारा माणूस परत वर पाहतो तेव्हा समोर नुसते पाणी असते.

५. आधी पाणी वाचा, मग पक्षी शोधा

या जलाशयातील पाण्याची पातळी केवळ पावसावर अवलंबून नसते. वरच्या बाजूच्या गंगापूर, दारणा यांसारख्या धरणांतून सोडलेले पाणी येथे येते आणि येथून निघणाऱ्या कालव्यांद्वारे ते खालच्या भागातील शेतीला जाते. त्यामुळे काल उघडी असलेली गाळाची पट्टी आज पाण्याखाली गेलेली असू शकते. मनोऱ्यावर चढल्यावर पहिली १० मिनिटे दुर्बीण गळ्यातच राहू द्या आणि साध्या डोळ्यांनी पाण्याचे पट्टे पाडा.

ओला, चकाकणारा गाळ दिसतो तेथे टिलवे, तुतवार, धोबी आणि टिटव्या असतील. त्यापुढे घोट्याइतके पाणी असेल तर गुलाबी-लाल लांब पायांचे शेकाटे आणि सरळ लांब चोच गाळात खुपसणारे मालगुजे असतील. गुडघाभर पाण्यात चमच्यासारखी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालणारे चमचे, चित्रबलाक, शिंपले फोडणारे मुग्धबलाक आणि मोर शराटी दिसतात. तरंगत्या पानांवर कमळपक्षी, दाट पाणगवताच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या आणि ढोकऱ्या, तर मोकळ्या पाण्यावर वारकऱ्यांचे काळे थवे असतात. पृष्ठभागावर चरणारी बदके उथळ भागात राहतात, शेपूट वर करून केवळ डोके पाण्यात घालतात. बुडी मारून खाणारी लालसरीसारखी बदके खोल, मोकळा भाग पसंत करतात.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पाणी काठोकाठ भरलेले असेल तर छोटे पक्षी मुख्य जलाशयावर शोधत बसू नये. ते आसपासच्या डबक्यांत, ओल्या शेतांच्या कडेला आणि नदीपात्रातील उघड्या खडकांवर विखुरलेले असतात. अशा दिवशी मनोरा सोडून काठाकाठाने चालणे अधिक फलदायी ठरते. उलट पातळी उतरत असेल तर नव्याने उघड्या पडलेल्या गाळासमोरची एक जागा धरून तासभर शांत बसावे, कारण पक्षी अन्नाच्या शोधात तुमच्याकडे सरकत येतात.

जलपर्णीचा विस्तार हा या पाण्याचा जुना प्रश्न आहे. मोकळ्या पाण्यावर तिचा हिरवा गालिचा पसरला की बदके तेथून हटतात. पाणकोंबड्या आणि कमळपक्षी मात्र तिच्यावर बिनदिक्कत वावरतात.

उजेडाची दिशाही पाहावी. सकाळी सूर्य पाठीशी येईल असा, म्हणजे पाणी तुमच्या पश्चिमेला राहील असा काठ निवडा. समोरून येणाऱ्या प्रकाशात प्रत्येक बदक काळेच दिसते. ऑक्टोबरमध्ये सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि महागड्या स्कोपमधूनही दूरचे तपशील पुसट होतात. म्हणून दूरची बदके आधी आणि काठावरचे पक्षी नंतर, असा क्रम ठेवावा.

६. शरदातील बदके : पिसाऱ्यावर विसंबू नका

बहुतेक जातींचे नर बदक विणीनंतर आपला रंगीत पिसारा टाकतात आणि काही महिने मादीसारखे तपकिरी दिसतात. आपल्याकडे ते पोहोचतात तेव्हा अनेकांचा हा काळ संपलेला नसतो. थापट्याचे हिरवे डोके, तलवार बदकाची टोकदार शेपटी किंवा भुवई बदकाची ठळक पांढरी भुवई ऑक्टोबरमध्ये शोधत राहिलात, तर समोर असलेली जात ओळखू येणार नाही. भुवई बदकाचा नर तर हिवाळ्याच्या उत्तरार्धापर्यंत असाच साधा राहू शकतो.

त्याऐवजी चोच, बांधा आणि पंख पाहावेत. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला फावड्याप्रमाणे रुंद असते. ही खूण कोणत्याही ऋतूत फसवत नाही. तलवार बदकाची मान लांब व सडपातळ आणि चोच करडी असते. तरंगाचे डोके गोल, चोच आखूड व निळसर, आणि उडताना पोट पांढरे दिसते. गडवाल उडाला की पंखाच्या मागच्या कडेला शरीराजवळ पांढरा चौकोन चमकतो. चक्रांग सर्वांत लहान, त्याच्या पंखावर हिरवा पट्टा असतो. भुवई बदक त्याच्याहून किंचितच मोठे, परंतु त्याच्या चेहऱ्यावर गडद आणि फिकट आडव्या रेघा स्पष्ट दिसतात.

सुरुवात मात्र येथे वर्षभर राहणाऱ्या बदकांपासून करावी. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपका असतो, त्यामुळे ते कधीही ओळखता येते. अडई तांबूस, लांब मानेची आणि उडताना शीळ घालणारी. या दोन जाती नजरेत पक्क्या बसल्या की पाहुण्यांचा आकार त्यांच्याशी ताडून पाहता येतो. ‘हळदी-कुंकूपेक्षा लहान, मान आखूड, चोच रुंद’ एवढी नोंदही अर्धे काम करते.

कमळपक्ष्यांबाबतही हाच घोटाळा होतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती प्रसिद्ध शेपटी विणीच्या काळापुरतीच असते. शरदात ती गळून पडते, अंग वरून तपकिरी व खालून पांढरे होते आणि छातीवर एक गडद पट्टा उरतो. तो उडाला आणि पंख पांढरेशुभ्र दिसले की शंका उरत नाही.

७. गाळावरचे छोटे पक्षी

येथे बहुतेक जण हात टेकतात, आणि पहिल्याच फेरीत सर्व जाती ओळखण्याचा हट्ट धरू नये. पायांचा रंग, चोचीची लांबी आणि हालचाल या तीनच गोष्टी नोंदवा. सतत शेपटीकडचा भाग वर-खाली हलवणारा, छातीच्या बाजूने खांद्याकडे पांढरी पट्टी गेलेला तो सामान्य तुतवार. पिवळसर पाय, ठळक भुवई आणि पाठीवर ठिपके असलेला तो ठिपकेवाला तुतवार. काठावरून एकदम उडाला, पंख गडद आणि कंबर पांढरीशुभ्र दिसली तर हिरवा तुतवार. चिमणीएवढा, काळ्या पायांचा, सतत टोचे मारत धावणारा तो छोटा टिलवा. उरलेल्यांना वहीत ‘अनोळखी तुतवार’ म्हणून लिहावे. त्यात कमीपणा काही नाही, आणि खोट्या नोंदीपेक्षा ते कितीतरी बरे.

८. आकाशाकडे आणि उसाकडेही लक्ष असू द्या

सगळी बदके एकाच वेळी उठली की नवखे थव्याकडे पाहतात, अनुभवी माणूस वर पाहतो. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे किंचित वर धरून पाणगवतावरून खालच्या उंचीने घिरट्या घालत असतो. गडद तपकिरी अंग आणि फिकट पिवळसर डोके असेल तर ती मादी किंवा लहान वयाचा पक्षी असतो. खांबावर किंवा वठलेल्या झाडावर बसलेला, मासा पायात धरलेला ऑस्प्रे हा मासेमार शिकारी पक्षीही या काळात दिसू शकतो.

सस्तन प्राण्यांत मुंगूस आणि कोल्हा दिसण्याची शक्यता त्यातल्या त्यात अधिक. परिसरात बिबट्याचा वावर आहे आणि त्याला उसाची शेते लपण्यासाठी सोयीची पडतात. म्हणून पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी उसाच्या फडांमधून एकट्याने चालत जाऊ नये, लहान मुलांना पुढे धावू देऊ नये, आणि फडात डोकावण्याचा मोह टाळावा. पाणगवतात पाय टाकताना सापांसाठी खाली पाहावे.

९. काय करू नये

येथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. ड्रोन उडवणे, दगड मारून किंवा ओरडून थवा उठवणे, घरटी हाताळणे आणि पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावणे हे सर्व निषिद्ध समजावे. उडत्या थव्याच्या छायाचित्रासाठी मार्गदर्शकाला किंवा नावाड्याला पक्ष्यांच्या अधिक जवळ नेण्याचा आग्रह करणारे लोक मनोऱ्यावर भेटतात. त्यांना तेथेच सौम्यपणे थांबवावे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पहिले काही आठवडे खाणे आणि विश्रांती यांची गरज असते, आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाणात त्याची शक्ती खर्च होते.

काठावरची शेते खासगी आहेत. बांधावरून जाण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी आणि द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तर दूर राहावे.

१०. नोंद करा आणि ती पाठवा

‘ईबर्ड’ या मोफत ॲपवर यादी करताना सुरू केल्याची वेळ, चाललेले अंतर आणि प्रत्येक जातीची अंदाजे संख्या द्यावी. मोठा थवा मोजताना दहाचा एक गट डोळ्यांनी ठरवून तसे किती गट होतात ते पाहावे. ‘मर्लिन’ हे ॲप ओळखण्यास मदत करते, परंतु त्याचा भारतासाठीचा संच घरीच उतरवून घ्यावा, कारण पाण्याकाठी मोबाइलला जोडणी मिळेलच असे नाही. त्याने सुचवलेले नाव अंतिम मानू नये, विशेषतः तपकिरी बदकांच्या बाबतीत.

यादी त्याच संध्याकाळी पूर्ण करून पाठवावी. शंकास्पद नोंदीबरोबर छायाचित्र किंवा दोन ओळींचे वर्णन जोडावे, कारण दुर्मीळ नोंद दिसल्यास परीक्षक पुरावा विचारतात. शेवटी त्या दिवशीची पाण्याची पातळी, गाळ किती उघडा होता आणि जलपर्णी कोठवर होती हेही टिपणात लिहावे. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते. तेव्हा पुन्हा आलात, तर याच मनोऱ्यावरून कोणता थवा कोठे सरकला हे या टिपणाशी ताडून पाहता येईल.